इंजिन उतरवण्याआधी

जुन्या पिकअपचं इंजिन घरी बदलता येतं का, असं माळव्यात कोणी विचारत नाही. येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. धार-देवासकडच्या मोठ्या गावांत कुठल्या तरी अंगणात तीन पाइपांची घोडी, तिला टांगलेली चेन कुप्पी आणि बॉनेट काढून भिंतीला टेकवलेली बोलेरो पिकअप दिसतेच. उस्ताद आणि हाताखालचा पोरगा मिळून इंजिन उतरवतात, दुसरं चढवतात, आणि गाडी पुन्हा मंडीच्या रांगेत जाऊन उभी राहते. अडचण या कामात नसतेच. पहिलं इंजिन कशाने गेलं, ते खरंच गेलंय का, आणि त्याच्या जागी कुठलं आणायचं, हे न ठरवता घोडी उभी केली जाते, तिथे पैसे बुडतात.

घरी इंजिन उघडण्याची ही हिंमत आली ती विहिरीवरच्या डिझेल इंजिनामुळे. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत एका सिलिंडरचं पंपाचं इंजिन शेतकऱ्याच्या घरात आलं. बैलगाडीत घालून ते एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर न्यायचं, नोझल साफ करायची, रिंगा बदलायच्या, हँडल मारून चालू करायचं, यात दोन पिढ्या तयार झाल्या. देवासला तर किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखानाच आहे. पुढे ऐंशीच्या दशकात धार जिल्ह्यात पीथमपूर वसलं. बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, आली. मित्सुबिशीचा हात धरून आयशर आली. इसुझूच्या मदतीने हिंदुस्तान मोटर्सने इंजिनं बांधायला सुरुवात केली. २०१३ पासून व्होल्वो-आयशरच्या कारखान्यातून युरोपातल्या ट्रकांसाठीही इंजिनं जातात. शेजारीच नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली. देवासला गाजरा गिअर्स आणि गॅब्रिएल हे सुट्या भागांचे कारखाने आहेत. त्यामुळे असेंब्ली लाइनवर काम केलेला, टॉर्क पाना कशासाठी असतो हे जाणणारा माणूस गल्लीत सापडणं इथे नवलाचं नाही. मात्र कारखान्यात इंजिन धूळ गाळलेल्या हवेत बांधलं जातं, आणि अंगणात काळ्या मातीची धूळ उडत असते. हा फरक विसरून चालत नाही. त्याच्याकडे पुढे यायचं आहेच.

आधी इंजिन गेलं म्हणजे नेमकं काय झालं ते पाहू. गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते, चढाला दम सोडते, ब्रीदरमधून फुसफुस वाफ येते. ही सगळी लक्षणं खरी आहेत, पण सगळी एकाच रोगाची नाहीत. काळा धूर बहुधा हवा कमी पडल्याचा किंवा डिझेल जास्त पडत असल्याचा असतो. एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोचा पाइप फाटलेला, इंजेक्टर गळत असलेला. यातल्या कशासाठीही इंजिन उतरवायची गरज नाही. पांढरा धूर सकाळी गार इंजिनात थोडा वेळ दिसला तर ग्लो प्लगकडे बघावं. तो थांबतच नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. निळा धूर मात्र ऑइल जळतंय हेच सांगतो. त्यातही टर्बोच्या सीलमधून ऑइल जातंय की रिंगांवरून चढतंय, हे वेगळं काढावं लागतं. टर्बोची एक नळी सोडून आत बोट फिरवलं की पुष्कळसा निवाडा तिथेच होतो.

खरा निकाल कॉम्प्रेशन गेज देतं. ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात ते बसवायचं, डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारायचा, आणि चारही सिलिंडरचे आकडे खडूने फायरवॉलवर लिहायचे. धडधाकट डिझेल इंजिनात ढोबळमानाने प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २५ ते ३० किलोचा दाब मिळतो. चारही सिलिंडर सारखेच खाली आले असतील तर इंजिन म्हातारं झालंय. तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर एखादा वॉल्व्ह जळालाय, रिंग मोडलीय किंवा गॅस्केट गेलंय. हेड काढून काम भागण्याची बरीच शक्यता आहे. हे गेज फार महाग नाही, तरी गावच्या गॅरेजात ते क्वचितच दिसतं. त्याऐवजी कानाला लावलेला लांब स्क्रूड्रायव्हर आणि उस्तादाचा अनुभव. अनुभवाला माझा नमस्कार आहे, पण बेअरिंगचा आवाज कान पकडतो, कॉम्प्रेशन पकडत नाही.

माळव्यात इंजिनं मरतात ती मुख्यतः तीन गोष्टींनी. पहिली धूळ. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतरस्त्यांवर जी बारीक काळी भुकटी उठते ती एअर फिल्टरच्या फाटक्या रबरी पाइपातून थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा-लायनर घासत राहते. फिल्टर नवा आणि पाइपाची क्लिप ढिली, असं जितक्या गाड्यांत दिसतं तितक्या गाड्यांच्या मालकांना त्याचा पत्ता नसतो. दुसरी पाणी. इथल्या बोअरवेलचं पाणी जड आहे, आणि कूलंट म्हणजे फालतू खर्च अशी पक्की समजूत. रेडिएटरमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं ओतलं की नळ्यांत क्षार बसतो, इंजिन तापतं, आणि ज्या इंजिनात पाणी थेट लायनरला लागतं त्यात लायनरच्या पाठीवर खड्डे पडत जातात. तिसरं ओझं. बोलेरो पिकअपची कागदावरची क्षमता मॉडेलप्रमाणे सव्वा ते पावणेदोन टन. कांद्याच्या दिवसांत तिच्यावर किती चढतं हे मंडीच्या काट्यावरच्या माणसाला विचारावं. त्या वजनाने धामनोदजवळच्या गणपती घाटात उतरताना ब्रेक जातात हे पेपरात येतं. चढताना इंजिन शिजतं, त्याची बातमी होत नाही.

म्हणून नवं इंजिन आणायच्या आधी या तिन्हींचा हिशेब व्हायला हवा. गाडी तापून सीज झाली असेल आणि चोंदलेला रेडिएटर तसाच ठेवून दुसरं इंजिन बसवलं, तर ते दुसरंही त्याच वाटेने जाणार. असं वर्षाच्या आत दुसऱ्यांदा इंजिन उतरवलेल्या गाड्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष विकणाऱ्याच्या माथी मारलेला असतो.

आता पर्याय. सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात शहाणा म्हणजे आहे तेच इंजिन बांधून घेणं. ब्लॉक लेथवाल्याकडे जातो, बोअर मोजून नवे लायनर किंवा ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक दहा-वीस थाऊ ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगं, हेडच्या सीट कापून वॉल्व्ह लॅप. इंदूर जवळ असल्याने ग्राइंडिंगचं चांगलं काम मिळतं. धारहून साठेक किलोमीटर, देवासहून त्याच्या निम्मं अंतर. यात इंजिन नंबर तोच राहतो, म्हणजे कागदाची कटकट नाही. वेळ मात्र जातो. आणि क्रँक तडकलेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर हा रस्ताच बंद.

दुसरा पर्याय हाफ इंजिन: ब्लॉक, क्रँक, पिस्टन बसवलेलं, पण हेड आणि पंपाशिवाय. तुमचं हेड, तुमचा पंप, तुमचा सम्प त्यावर चढतो. तिसरा कंपनीकडून नव्याने बांधून मिळणारं इंजिन. टाटांचं ‘प्रोलाइफ’ याच पठडीतलं, जुनं इंजिन द्यायचं आणि बांधलेलं घ्यायचं. चौथा भंगारबाजारातलं पूर्ण इंजिन, म्हणजे अपघातात गेलेल्या किंवा मोडीत निघालेल्या गाडीतून निघालेलं. दिल्लीचं मायापुरी, मुंबईचं कुर्ला ही त्याची नावाजलेली ठिकाणं. मेरठचा सोतीगंजही होता. चोरीच्या गाड्या तिथे सुट्या होतात म्हणून पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरात तो बाजार बंद पाडला.

भंगारातलं इंजिन घ्यायला माझी हरकत नाही, पण ते फिरवून न बघता घेण्याला आहे. विक्रेता म्हणतो, “दादा, चालू गाडीचं काढलंय.” असेल. तरीही क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने दोन फेरे द्यावेत. अडलं तर पैसे खिशातच ठेवावेत. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत बघावं. दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. सम्पचा नट सोडून थोडं ऑइल हातावर घ्यावं, बोटं चोळावीत, उन्हात धरावीत. पितळी चमक दिसली तर बेअरिंगं गेली. एक्झॉस्टच्या तोंडात बोट घालावं, ओलसर काळं तेल लागलं तर ते ऑइल खात होतं. आणि नंबर प्लेट घासलेली, पुन्हा ठोकलेली वाटली तर तिथून सरळ निघावं. जपानमधून लोक कमी चाललेली इंजिनं आणतात, अमेरिकेत पेटीबंद नवं इंजिन घराच्या दारात येतं आणि उचलायची क्रेन दुकानातून भाड्याने मिळते, हे सगळं ऐकून आपल्या भंगारवाल्याकडून तशी अपेक्षा ठेवायला जाऊ नये.

चढवण्या-उतरवण्याचं काम सांगायचं तर गाडीगणिक ते बदलतं. टाटा एस ही २००५ साली आली तेव्हा तिच्यात ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं, सीटखाली बसवलेलं. ते बहुधा गाडी उंच करून खालून उतरवतात. बोलेरोचं २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बॉनेटखालून वर निघतं. ही इंजिनं कित्येक वर्षं महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यात बनली, आणि आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखालून गेली आहेत. फोर्सच्या ट्रॅक्सचं मर्सिडीजच्या ओएम-६१६ वरून घेतलेलं इंजिनही तसंच ओळखीचं.

बोलेरोसारख्या गाडीत इंजिन दोन-अडीचशे किलोच्या घरात असतं. एक टनाची चेन कुप्पी त्याला पुरेशी. प्रश्न ती कशाला टांगायची हा. धारच्या जुन्या वाड्यांतल्या सागवानी तुळया बघून मोह होतो, आणि मोह झालेल्यांनी तुळई तडकवलेली आहे. कडुनिंबाची फांदी तर विचारातही घेऊ नये. लोखंडी घोडी, तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधलेले, पायांखाली फळ्या, कारण काळी माती पावसाळ्यात पाय गिळते. पंचाईत अशी की पिकअपला काम नसतं ते नेमकं आषाढ-श्रावणात. म्हणून बरेच जण उन्हाळ्याच्या शेवटाला, कांदा सरल्यावर आणि पेरणीआधी हे काम काढतात. तेव्हा धूळ असते. तरीही चिखलापेक्षा ती बरी: जमिनीवर पाणी शिंपडून, ताडपत्री अंथरून भागतं, आणि उघड्या इंजिनाची सगळी तोंडं स्वच्छ कापडाने बांधून ठेवायची. चिंध्या कोंबू नयेत. एखादी आतच राहते.

बॅटरी सुटते, पाणी आणि ऑइल उतरतं, बॉनेट, रेडिएटर, पंखा निघतो. प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी आणि मोबाइलवर फोटो. मग सायलेन्सरचा पाइप, डिझेलच्या नळ्या, माउंटिंगचे नट, गिअरबॉक्सचे बोल्ट. इथवर सगळं सुरळीत होतं. खोळंबा पुढे होतो: सगळे बोल्ट निघालेत, कुप्पीने भार घेतलाय, आणि इंजिन गिअरबॉक्सपासून सुटतच नाही. दोन्हींच्या मध्ये डॉवेल पिन गंजून घट्ट बसलेल्या असतात, आणि वर एखादा बोल्ट राहिलेला असतो, नव्वद टक्के वेळा स्टार्टरच्या मागचा. आता जो माणूस कुप्पी खेचत राहतो तो घरचं नुकसान करतो. इंजिन तिरकं होतं, गिअरबॉक्सचा सगळा भार क्लच प्लेटवर येतो, प्लेट वाकते. मोठ्या उत्साहात नवं इंजिन चढवल्यावर गाडी गिअरच घेत नाही आणि का ते कोणाला कळत नाही. गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडी गुटका आधीपासून हवा. इंजिन एका रेषेत, गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सरळ रेषेत, पुढे सरकलं पाहिजे; मग वर. मधल्या फटीत सपाट पट्टी घालून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडवायचं. घाई नाही. आणि लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही जाता कामा नये, मग खाली पडलेला पाना कितीही महागाचा असो.

इंजिन बाहेर असताना जे स्वस्तात होतं ते नंतर कधीच होत नाही. क्रँकचं मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, इंजिनाची रबरी माउंटिंगं, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होस. सील तर किरकोळ किमतीचं, पण ते गळायला लागलं तर पुन्हा सगळी घोडी उभी करावी लागते. ‘चालेल अजून’ म्हणणाऱ्या मालकाला इथे मुळीच दाद देऊ नये. क्लच प्लेट बसवताना मधोमध आणायला खास अवजार नसलं तर जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट चालतो. नवं इंजिन त्याच गाडीचं म्हणून आणलं तरी सम्पचा आकार, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, पंपाची जागा मॉडेलनुसार बदलते. जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ठेवून आधी जुळवून घेतलं तर रात्रीचा फेरा वाचतो. फ्लायव्हीलचे बोल्ट आणि हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच. उस्तादाचा हात कितीही तयार असला तरी हेडच्या बाबतीत हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही.

कागदाकडे लोक शेवटी बघतात, बघितलं तर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीशी जुळणार नाही. इंजिन नंबर आरसीवर असतो, म्हणजे दुसरं इंजिन बसवलं की तो बदलला. म्हणून धारच्या एमपी-११ ची गाडी असो वा देवासच्या एमपी-४१ ची, आधी आरटीओकडे जावं, आणि बदलानंतर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा. दहा किंवा त्याहून जास्त व्यापारी गाड्या असलेल्यांना राज्य सरकार त्याच बनावटीचं आणि प्रकाराचं इंजिन आधी मंजुरी न घेता बसवायची मुभा देऊ शकतं. एका पिकअपवाल्याला ती लागू नाही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र. भंगारातलं इंजिन असेल तर विक्रेत्याचं बिल, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला. हे टाळलं तर फिटनेसला गाडी अडकते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची त्याची फी २०२२ पासून कैक पटींनी वाढली आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने नंबर ताडून पाहिला, तर दावा तिथेच लटकतो.

वयाचा हा मुद्दा हिशेबात धरायला हवा. तेरा-चौदा वर्षांच्या पिकअपमध्ये बांधलेलं इंजिन घालणं, चेसिस गंजलेली नसेल तर, मला अजूनही परवडणारं वाटतं. सतराव्या वर्षी, दरवर्षीची वाढीव फी देत, महागाचं इंजिन घालणं म्हणजे इंजिनासाठी गाडी पाळणं. ती मोडीत काढून मिळणारी किंमत घ्यावी.

आणि नव्या गाड्या? देशभर बीएस-४ हे धुराचं मानक आलं एप्रिल २०१७ ला, बीएस-६ एप्रिल २०२० ला. पूर्वी पंप, नोझल आणि टायमिंग जुळलं की इंजिन सुरू व्हायचं. आता कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो, सेन्सर बोलले पाहिजेत, धूर गाळणारा फिल्टर चोंदला तर तो लॅपटॉप लावून जाळून साफ करावा लागतो. इंजिन घोडीवर अजूनही चढतं. ते चालू करायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारी आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. पीथमपूरच्या सावलीतल्या उस्तादांच्या हातात स्कॅनर आणि माहितीपुस्तिका रास्त किमतीत येणार की नाहीत, यावर पुढच्या पंधरा वर्षांत अंगणातली ही घोडी उभी राहणार की नाही हे ठरेल.

जुन्या पद्धतीच्या इंजिनापुरतं मात्र शेवटचं काम घरीच आणि नीट व्हायला हवं. नवं ऑइल भरून, डिझेल बंद ठेवून, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारायचा. मग डिझेलची हवा काढायची, आधी फिल्टरवर, नंतर पंपावर, शेवटी नोझलवर. चालू झाल्यावर ते लगेच रेस करायचं नाही आणि तासभर नुसतं आयडलवरही ठेवायचं नाही. थोडा वेळ ऐकायचं, गळती बघायची, आणि रिकामी गाडी रस्त्यावर काढायची. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत अर्धाच माल आणि घाट टाळून. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचा, टॅपेट तपासायचे, ज्या इंजिनाला सांगितलं असेल त्याचे हेड बोल्ट पुन्हा कसायचे. निघालेलं काळं ऑइल विहिरीजवळच्या नाल्यात न ओतता डब्यात भरून ते गोळा करणाऱ्याकडे द्यायचं. मंडीचं भाडं तोवर शेजारच्या गाडीला जातं, आणि हेच मालकाला सगळ्यात जड जातं.